तिसऱ्या कॅसेटचे अकरावे मिनिट

गेल्या पौषात ब्रह्मपुरीपलीकडच्या एका खेड्यातून एक ज्येष्ठ नट माझ्या एडिटिंगच्या खोलीत आले. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, रंगभूमीवर त्यांनी तीस वर्षे कामे केली आहेत, आणि त्यांच्या कापडी पिशवीत २००८ सालच्या एका प्रयोगाच्या चार मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल व्हिडिओ) कॅसेटी होत्या. “भाऊ, ह्या उतरवून देता का जी? माह्या घरी आता हे चालवाले काहीच नाही,” असे ते म्हणाले. पहिल्या दोन कॅसेटी एकाच संध्याकाळी सुरळीत उतरल्या. तिसरी मात्र बरोबर अकराव्या मिनिटाला थांबली, पुन्हा सुरू केली तर पुन्हा थांबली, आणि पुढचे जवळजवळ तीन आठवडे मी त्या अकराव्या मिनिटाच्या मागे होतो. आमच्या भागात लग्नाचे शूटिंग करणाऱ्या कितीतरी जणांकडे अशा कॅसेटी पेट्यांमध्ये पडून आहेत आणि आज ना उद्या त्यांना हेच काम करावे लागणार आहे, म्हणून या शोधात जे हाती लागले ते सविस्तर लिहून ठेवतो.

कॅसेट उतरवणे (कॅप्चर) म्हणजे पेनड्राइव्हवरून फाइल कॉपी करणे नव्हे, हा फरक मनात पक्का नसेल तर पुढचे सगळे निदान चुकते. फाइल कॉपी होताना संगणक क्षणभर अडखळला तरी तो मागचा तुकडा पुन्हा मागू शकतो. टेप थांबत नाही. आपल्याकडच्या ‘पाल’ या टीव्हीच्या पद्धतीत डीव्हीची एक फ्रेम १,४४,००० बाइटची असते आणि अशा २५ फ्रेम दर सेकंदाला तारेतून येत राहतात, म्हणजे सेकंदाला ३.६ मेगाबाइट आणि तासाला सुमारे १३ गिगाबाइट. आजच्या संगणकाला हा वेग अगदी किरकोळ आहे. परंतु तो वेग एक तासभर, एकाही क्षणाचा खंड न पडता, झेलला गेला पाहिजे. हार्ड डिस्क अर्धा सेकंद झोपली, तारेचा संपर्क क्षणभर सुटला किंवा कॅमेऱ्याच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, टेपवरचा एक तुकडा वाचता आला नाही, की ती फ्रेम गेली, आणि पडद्यावर या तिन्ही गोष्टींसाठी बहुतेक वेळा एकच संदेश दिसतो: फ्रेम ड्रॉप झाल्यामुळे कॅप्चर थांबवले.

त्या संदेशावर विसंबून मी पहिला दिवस वाया घालवला. एडिटिंगचे सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकले, प्रोजेक्टच्या सेटिंग बदलून पाहिल्या, बफर वाढवला, आणि प्रत्येक बदलानंतर तीच कॅसेट त्याच जागेवरून पुन्हा चालवली. त्या दिवशी तो टेपचा तुकडा निदान पंधरा वेळा हेडखालून गेला असेल. मिनीडीव्हीची टेप ६.३५ मिलिमीटर रुंदीची असते आणि कॅमेऱ्यातला हेड बसवलेला ड्रम मिनिटाला ९,००० फेरे घेत तिच्या अंगावरून घासत जातो, त्यामुळे प्रत्येक प्रयोगाची थोडी किंमत टेप चुकवत असते. दुसऱ्याच्या एकमेव कॅसेटवर चाचण्या घेणे चूक आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. चाचणीसाठी स्वतःची एक चांगली, स्वच्छ उतरलेली, पूर्ण एक तासाची कॅसेट वेगळी ठेवावी आणि तिच्यावर ‘नमुना’ असे लिहून ती दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नये. कॅप्चर बिघडले की आधी ती नमुना कॅसेट लावावी. ती तासभर एकही फ्रेम न गमावता उतरली, तर तार, कार्ड, ड्रायव्हर, डिस्क आणि सॉफ्टवेअर हे सगळे एका तासात संशयाबाहेर जातात.

त्यासोबत दोन आकडे वहीत लिहावेत. कॅप्चर सुरू केल्यापासून किती मिनिटांनी ते थांबले हा पहिला आकडा, आणि थांबले तेव्हा टेपवरचा टाइमकोड (टेपवरच नोंदलेली फ्रेमची वेळ) काय होता हा दुसरा. मग टेप पाच मिनिटे मागे घेऊन पुन्हा सुरुवात करावी. दुसऱ्या वेळीही त्याच टाइमकोडला थांबले तर दोष टेपमध्ये किंवा ती वाचणाऱ्या कॅमेऱ्यात आहे. तितक्याच मिनिटांनी, परंतु टेपवर वेगळ्याच जागी थांबले तर दोष संगणकाकडे आहे. आणि दोन्ही आकड्यांचा काही मेळच बसत नसेल तर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वेळ लिहावी, कारण मग बहुधा विजेचा प्रश्न असतो. इतकी साधी नोंद मी पहिल्याच दिवशी केली असती तर ते पंधरा फेरे वाचले असते.

संगणकाकडच्या दोषांचे काही ठरलेले चेहरे आहेत. कोणतीही कॅसेट लावली तरी कॅप्चर १८ ते २० मिनिटांच्या दरम्यानच थांबत असेल तर डिस्कचे फॉरमॅट पाहावे. फॅट३२ पद्धतीत एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नाही, आणि डीव्हीच्या वेगाने ४ गिगाबाइट तेवढ्याच वेळात भरतात. नवी बाहेरची डिस्क घेऊन तिचे फॉरमॅट न तपासता थेट तिच्यावर कॅप्चर करणाऱ्या निदान तीन मित्रांचे निदान मी फोनवरच केले आहे. फॉरमॅट एनटीएफएस करून घेतल्यावर त्यांचा प्रश्न संपला. मधूनच, नियमितपणे एखाददुसरी फ्रेम जात असेल तर अँटिव्हायरस प्रत्येक नव्या फाइलची तपासणी करत आहे का, ऊर्जा वाचवण्याची सेटिंग डिस्कला किंवा यूएसबीला झोपवते आहे का, आणि आपण विंडोज असलेल्या सी ड्राइव्हवरच कॅप्चर करत आहोत का, हे पाहावे. कॅप्चरची डिस्क वेगळी असावी आणि ती काठोकाठ भरलेली नसावी.

कॅमेरा अजिबातच दिसत नसेल तर गोष्ट वेगळी. कॅमेरा प्ले किंवा व्हीसीआर मोडमध्ये आहे ना, हे आधी पाहावे. रेकॉर्डिंगच्या मोडमध्ये ठेवून ‘टेप दिसत नाही’ म्हणणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यानंतर फायरवायरच्या, म्हणजे कॅमेरा संगणकाला जोडणाऱ्या तारेच्या, ड्रायव्हरकडे वळावे. विंडोज ७ पासून फायरवायरची नवी ड्रायव्हर व्यवस्था आली, आणि जुन्या कॅमेऱ्यांना ती नेहमी मानवत नाही. विंडोज ७ मध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून ‘लेगसी’ असे लिहिलेला १३९४ ओएचसीआय ड्रायव्हर निवडता येत असे, विंडोज ८ पासून तो वेगळा उतरवून घ्यावा लागतो. मी या कामासाठी एक जुना संगणक त्याच्या फायरवायर कार्डासह जसाच्या तसा राखून ठेवला आहे आणि त्याला इंटरनेट जोडत नाही. एडिटिंग नव्या वर्कस्टेशनवर एडियस या सॉफ्टवेअरमध्ये करतो, पण टेप उतरते ती जुन्यावरच.

विजेविषयी थोडे जास्त लिहितो, कारण शहरातून लिहिलेल्या मार्गदर्शनात हा भाग जवळजवळ नसतोच. आमच्याकडे उन्हाळी धानाला पाणी देण्याच्या दिवसांत मोटारी एकदम सुरू झाल्या की घरातला दाब २३० वरून १७०-१८० व्होल्टपर्यंत उतरतो, हे मी मीटर लावून पाहिले आहे. संगणक यूपीएसवर असतो आणि कॅमेऱ्याचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालणारा असतो, म्हणून दोन्ही शांत दिसतात. माझ्याकडे एका वर्षी संध्याकाळी सातच्या सुमारास कॅप्चर हमखास थांबत असे. शेवटी उलगडा झाला तो असा, की बाहेरच्या हार्ड डिस्कचा अडॅप्टर मी यूपीएसऐवजी खोलीच्या स्टॅबिलायझरवरच्या बोर्डात लावला होता. स्टॅबिलायझरचा रिले बदलताना ‘टक्’ असा आवाज होई, पुरवठा क्षणभर तुटे आणि डिस्क नाहीशी होऊन परत येई. दिव्यांमध्ये काही फरक जाणवत नसे, पंखाही फिरत राही. तेव्हापासून कॅमेरा, संगणक, मॉनिटर आणि डिस्क या चारही गोष्टी एकाच यूपीएसच्या एकाच बोर्डावर असतात.

अर्थिंगचे दुखणे याहून महागात पडते. आमच्या वाडीची जमीन कन्हारी आहे. पावसाळ्यात चिकट आणि उन्हाळ्यात भेगाळलेली. अर्थिंगचा खड्डा वैशाखात कोरडा पडला की संगणकाच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. त्या झिणझिण्या सहन करून काम चालू ठेवणे म्हणजे कॅमेऱ्याचा पोर्ट जाळण्याची तयारी करणे होय, कारण पेटी आणि कॅमेरा यांच्या विद्युतपातळीत फरक असताना फायरवायरची तार जोडली तर तो फरक त्या नाजूक पोर्टमधूनच वाट काढतो. सहा पिनांच्या टोकातून तर वीजही वाहते, आणि ते टोक जोर लावून उलटे बसवले तर पोर्ट गेलाच म्हणून समजावे. यासाठी मी खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरून घेतले आहे, उन्हाळ्यात दर आठवड्याला त्यात पाणी ओततो, तीन पिनांच्या प्लगची वरची पिन कापू देत नाही, आणि तार जोडताना दोन्ही यंत्रे बंद ठेवतो.

उन्हाळ्याचा दुसरा प्रश्न कूलरचा. ब्रह्मपुरीचे तापमान ४६ अंशांवर जाते तेव्हा कूलरशिवाय खोलीत बसता येत नाही, परंतु कूलर हवा गार करतो ती तिच्यात पाणी मिसळूनच. ती ओली हवा थेट कॅमेऱ्यावर येत असेल तर टेप ड्रमला चिकटू लागते. कॅमेऱ्यात दव ओळखणारा सेन्सर असतो; त्याची खूण दिसली की कॅसेट काढून, झाकण उघडे ठेवून, निदान तासभर थांबावे. मी टेप उतरवण्याचे काम आता उन्हाळ्यात पहाटे करतो, कूलर बंद ठेवून. तेव्हा मोटारींचा भारही कमी असतो.

आता त्या अकराव्या मिनिटाकडे येतो. दुसऱ्या दिवशी नमुना कॅसेट लावली. ती तासभर निर्दोष उतरली. म्हणजे संगणकाची बाजू स्वच्छ होती. तिसरी कॅसेट पुन्हा लावली तेव्हा थांबण्याची वेळ वेगळी आली, पण टाइमकोड तोच, अकरा मिनिटे आणि काही सेकंद. दोष टेपच्या किंवा हेडच्या बाजूला होता हे ठरले, आणि मी पहिल्यांदा संगणकाच्या पडद्यावरून नजर काढून कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याकडे पाहिले.

चित्रात चौकोनांचा चुरा झाला होता. डीव्हीचे बिघडलेले चित्र नीट पाहिले तर ते स्वतःच पुष्कळ सांगते. पाल पद्धतीत एक फ्रेम टेपवर १२ तिरक्या रेघांमध्ये लिहिली जाते, आणि प्रत्येक रेघेत चित्राची एक आडवी पट्टी असते. ड्रमवरची दोन हेड या रेघा आळीपाळीने वाचतात. म्हणून चित्रात एक पट्टी चांगली, एक बिघडलेली, पुन्हा एक चांगली, असा झेब्र्यासारखा क्रम दिसला तर एका हेडवर मळ बसला आहे असे खुशाल समजावे. अशा वेळी कोरडी क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद चालवावी, त्याहून जास्त नको, आणि कानातल्या कापसाच्या काडीने हेड पुसण्याचा मोह टाळावा, कारण कापसाचा एखादा तंतू हेडच्या टोकाला अडकला तर ते हेडच निकामी होते. माझ्यासमोरच्या चित्रात मात्र पट्ट्यांचा क्रम नव्हता. चुरा सर्वत्र होता, कधी कमी, कधी जास्त. क्लीनिंग कॅसेट चालवूनही फरक पडला नाही. आणि मग कोपऱ्यातली दोन बारीक अक्षरे दिसली. अकराव्या मिनिटापर्यंत तिथे ‘एसपी’ होते, म्हणजे टेपचा नेहमीचा वेग; त्यानंतर ‘एलपी’, म्हणजे कमी वेग.

झाडीपट्टीचे नाटक ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे कारण लगेच समजेल. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. साठ मिनिटांच्या चार कॅसेटी घेऊन बसलेल्या शूटिंगवाल्याच्या तिसऱ्या कॅसेटवर लक्षात आले असणार की पुरणार नाहीत, आणि त्याने तिथेच कॅमेरा एलपीवर टाकला, म्हणजे उरलेली टेप दीडपट चालेल. त्याच्या जागी मी असतो तरी हेच केले असते. परंतु एलपीमध्ये टेप हळू सरकते आणि रेघांची रुंदी १० मायक्रॉनवरून साधारण ६.७ मायक्रॉनवर येते. इतक्या बारीक रेघा ज्या कॅमेऱ्याने लिहिल्या त्यालाच नीट सापडतात. दुसऱ्या कॅमेऱ्याची हेड किंचित वेगळ्या कोनात बसवलेली असतात आणि ती त्या रेघांच्या कडेवरून घसरत राहतात. माझा कॅमेरा एसपीची प्रत्येक कॅसेट वाचत होता, नमुना कॅसेटही एसपीचीच होती, आणि म्हणून चाचणी उत्तीर्ण होऊनही ही कॅसेट अडत होती. नमुना कॅसेटच्या शेवटच्या दहा मिनिटांत आता मी मुद्दाम एलपीवरचे रेकॉर्डिंग ठेवले आहे.

मूळ कॅमेरा शोधण्यात दोन आठवडे गेले. शूटिंग करणाऱ्या गृहस्थांनी व्यवसाय कधीच सोडला होता, आता ते धान गिरणी चालवतात. कॅमेरा त्यांच्या माळ्यावर, लग्नाच्या अल्बमांच्या खाली होता. बॅटरी मेलेली, अडॅप्टर हरवलेला. त्यांना तो प्रयोग आठवत होता. “कॅसेटी कमी पडल्या जी, म्हणून एलपीवर टाकलो,” एवढे त्यांनी आपणहून सांगितले. कॅमेरा आणल्यावर त्यात लगेच ती कॅसेट घातली नाही. योग्य अडॅप्टर मिळवला, हेड साफ केली, आणि आधी माझी एक टाकाऊ कॅसेट दोन वेळा पुढे-मागे पूर्ण फिरवून पाहिली, कारण वर्षानुवर्षे पडून असलेले यंत्र टेप गिळण्याची शक्यता असते. मग तिसरी कॅसेट न उतरवता एकदा शेवटपर्यंत पुढे नेली आणि परत मागे आणली, म्हणजे गुंडाळ्यांचा ताण सारखा झाला.

टाइमकोडच्या बाबतीत एक दुरुस्ती करावी लागली. रेकॉर्डिंग करताना कॅमेरा बंद करून मध्ये थोडी कोरी टेप सोडली गेली की टाइमकोड पुन्हा शून्यापासून सुरू होतो, आणि सॉफ्टवेअर कॅमेऱ्याला स्वतः चालवत असेल तर अशा तुटीवर गोंधळून थांबते. म्हणून डिव्हाइस कंट्रोल बंद केले, ‘फ्रेम गेली तर थांबा’ ही खूण काढली, कॅमेऱ्याचे बटण हाताने दाबले आणि पूर्ण कॅसेट एकाच फाइलमध्ये येऊ दिली. तुकडे नंतर पाडता येतात.

उतरली. अकरावे मिनिट न थांबता ओलांडले गेले. शून्य फ्रेम गेल्या असे सॉफ्टवेअरने सांगितले, पण त्या शून्यावर कोणी विश्वास ठेवू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. वाचता न आलेला तुकडा कॅमेरा मागच्या फ्रेममधल्या तुकड्याने झाकतो आणि फ्रेम पूर्ण म्हणून पाठवतो. संगणकाच्या हिशोबात ती गेलेली नसते, चित्रात मात्र नटाचा चेहरा क्षणभर जुन्याच जागी राहतो. झाकलेल्या तुकड्यांची खूण डीव्हीच्या प्रवाहातच लिहिलेली असते आणि डीव्हीरेस्क्यू नावाचे मोफत साधन ती वाचून कोणत्या फ्रेममध्ये किती चूक आहे ते दाखवते. शिवाय एकाच टेपचे दोन वेळा केलेले कॅप्चर दिले तर दोन्हींतले चांगले तुकडे निवडून ते एक फाइल बनवते. मी तिसरी कॅसेट मूळ कॅमेऱ्यात दोनदा चालवली, दोन्ही फाइली जुळवल्या, आणि उरलेले दोष बोटांवर मोजण्याइतके राहिले. त्यांतला एकही बोलण्याच्या मध्ये नाही.

व्हीएचएसच्या कॅसेटींसाठी यातले बरेच काही लागू पडत नाही. तिथे संकेत अ‍ॅनालॉग असतो, त्याची लय डगमगत असते, आणि स्वस्त यूएसबी डोंगल त्या डगमगीत फ्रेम सोडून देते. चित्र आणि आवाज तासाभरात एकमेकांपासून दूर जातात ते यामुळेच. ही लय सावरणारे टाइम बेस करेक्टर नावाचे यंत्र मध्ये लावले की बहुतेक त्रास संपतो. दंडार या लोकनाट्याच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी माझ्याकडे आहेत, त्यांच्याविषयी वेगळे लिहीन.

आजकाल नाटकाचे थेट प्रक्षेपण करणारी मुले कॅप्चर अडले म्हणून फोन करतात, त्यांच्याकडे टेप नसते. तिथे पहिला प्रश्न मी पोर्टचा विचारतो. १०८० ओळींचे, २५ फ्रेमचे, न दाबलेले (अनकॉम्प्रेस्ड) चित्र सेकंदाला सुमारे १०४ मेगाबाइट जागा मागते आणि यूएसबी २.० कागदावरसुद्धा ६० देते. निळ्या (यूएसबी ३.०) पोर्टमध्ये लावा म्हटल्यावर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

राहिली चौथी कॅसेट. तिच्या खिडकीतून पाहिले तेव्हा टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसली, पावसाळ्यातल्या ओलाव्याने धरलेली. ती तशीच चालवली तर बुरशी हेडला लागेल आणि मग मूळ कॅमेराही हातचा जाईल. मी त्या नटांना तसे सांगितले, आणि तोवर तयार झालेल्या तीन कॅसेटींच्या फाइली दोन वेगवेगळ्या डिस्कवर भरून दिल्या. सफाईसाठी एक जुना, हेड गेलेला पण टेप फिरवणारा कॅमेरा नागपूरच्या एका दुरुस्तीवाल्याकडून मिळणार आहे. त्यात टेप फिरवून बुरशी हलकेच पुसायची आणि नंतरच ती मूळ कॅमेऱ्यात घालायची. तोपर्यंत ती कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात उभी ठेवली आहे, आणि दर रविवारी मी पुड्या वाळवून पुन्हा आत ठेवतो.